रिंगला उगाच बदनाम केलंय

नेटवर्कमधली मशीन गोलात जोडली की त्याला रिंग म्हणतात, तिच्याबद्दलच लिहायचंय, पण सुरुवात जरा दुसरीकडून करतो. माझ्या टूलबॉक्समध्ये क्रिम्पिंग टूल आणि इन्सुलेशन टेपच्या खाली एक छोटीशी धातूची टोपी पडलेली असते, बोटाच्या पेराएवढी, आत ५० ओहमचा रेझिस्टन्स. टर्मिनेटर. आता तो कुठेच लागत नाही, पण मी टाकत नाही, कारण नेटवर्क म्हणजे काय ते मला पहिल्यांदा ह्याच्यामुळे कळलं.

डिप्लोमाला होतो तेव्हाची गोष्ट. लॅबमध्ये काळी कोअ‍ॅक्स केबल एका पीसीवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी भिंतीकडेने फिरवलेली, प्रत्येक पीसीच्या मागे एक टी, म्हणजे टी आकाराचा जोड, आणि दोन्ही टोकांना ही टोपी. एका सकाळी अख्खी लॅब बंद, एकाही मशीनवरून सर्व्हर दिसेना. सर नव्हते, लॅब असिस्टंट सुट्टीवर, आम्ही चारपाच पोरं टेबलाखाली घुसून केबल हलवत बसलो आणि दोन तास गेले. शेवटी कळलं की झाडू मारताना कोपऱ्यातल्या शेवटच्या पीसीची टोपी निघून कपाटाखाली गेली होती, म्हणजे केबल कुठेच तुटलेली नव्हती, पीसी सगळे चांगले, फक्त टोकाची टोपी नाही आणि सगळंच बंद. कारण सिग्नल टोकाला जाऊन आपटतो आणि परत येतो, आणि परत आलेला सिग्नल बाकीच्यांना वाटतो की दुसरंच कोणीतरी बोलतंय, मग सगळे थांबतात, पुन्हा प्रयत्न करतात, पुन्हा थांबतात.

नंतर असिस्टंट दादांनी एक युक्ती दाखवली ती आजपर्यंत विसरलो नाही. कुठल्याही टीवर मल्टिमीटर लावायचा, मधली पिन आणि बाहेरचं कवच. २५ ओहमच्या आसपास दाखवलं तर दोन्ही टोप्या जागेवर, कारण ५० आणि ५० समांतर. ५० दाखवलं तर एका बाजूला तुटलंय. मग अर्ध्या केबलवर जायचं, पुन्हा मोजायचं, तिथून पुन्हा अर्ध्यावर. पाच मिनिटांत सापडतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे परवा पुतणी आली होती, ती पण डिप्लोमालाच आहे, आणि तिच्या वहीत टोपॉलॉजीचं, म्हणजे नेटवर्कमधली मशीन एकमेकांना कुठल्या आकारात जोडायची त्याचं, पान उघडं होतं. बस, रिंग, स्टार, मेश, ट्री, प्रत्येकाचे फायदे तीन, तोटे तीन. रिंगच्या खाली लिहिलेलं, 'एक कॉम्प्युटर बंद पडल्यास संपूर्ण नेटवर्क बंद पडते.' मी पंचवीस वर्षांपूर्वी हेच वाक्य लिहिलं होतं, असंच्या असं. तिला म्हटलं अगं हे असं नसतं, तर म्हणाली, "काका, पण हेच लिहायचं असतं, ह्याला मार्क आहेत, तुम्ही सांगताय ते मी कुठे लिहू?"

इथे लिही. म्हणजे मीच लिहितो.

आधी बसचं संपवू. बस टोपॉलॉजी म्हणजे एकच वायर, सगळे तिच्यावर, एक बोलला की सगळ्यांना ऐकू जातं. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क (PARC) नावाच्या लॅबमध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची, म्हणजे जवळपासचे कॉम्प्युटर वायरने जोडायच्या पद्धतीची, कल्पना मांडली ती अशीच होती, आणि आमच्या लॅबमधली ती काळी केबल तिचीच स्वस्तातली आवृत्ती, एका तुकड्याला १८५ मीटर आणि ३० मशीनची मर्यादा, १० एमबीपीएस सगळ्यांत मिळून. केबल कमी लागते, मध्ये सगळ्यांना जोडणारा डबा, म्हणजे स्विच, लागत नाही, म्हणून स्वस्त. आणि एक सांधा सैल झाला की सगळ्यांचं काम बंद, म्हणून ऑफिसातून हद्दपार झाली, ते बरोबरच झालं.

पण वहीत लिहितात तशी बस कालबाह्य वगैरे झालेली नाही हं. मी आता साखर कारखान्यात काम करतो, आमच्याकडे पॅनलमधले एनर्जी मीटर एकाच दोन-तारी केबलवर ओळीने जोडलेले असतात, ह्या पद्धतीला आरएस-४८५ म्हणतात, बाराशे मीटरपर्यंत जाते, आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा टर्मिनेटर, तीच जुनी टोपी दुसऱ्या रूपात. तुमच्या चारचाकीत ब्रेक, इंजिन, एअरबॅग हे सगळे एकमेकांशी बोलतात तेही बसवरच, कॅन बस, बॉश कंपनीने १९८६ मध्ये आणलेली, तिथेही १२०-१२०. दोन्हीकडे मल्टिमीटरला ६० च्या आसपास दिसलं पाहिजे.

एकदा आमच्याकडे एका नव्या पॅनलचे मीटर रीडिंगच देईनात. आठ मीटर. वायर तपासली, पत्ते तपासले, स्पीड तपासला, सगळं ठीक. मग सवयीने पॉवर बंद करून मल्टिमीटर लावला तर १५ ओहम! वायरिंग करणाऱ्या पोराने कुठेतरी वाचलं होतं की टर्मिनेटर लावावा लागतो, म्हणून बिचाऱ्याने प्रत्येक मीटरला एक एक लावलेला, आठही ठिकाणी. १२० भागिले ८. एवढा भार ड्रायव्हरला, म्हणजे सिग्नल पाठवणाऱ्या चिपला, ओढवत नाही. मधले सहा काढले, ६० आलं, रीडिंग सुरू. त्या पोराला मी रागावलो नाही, कारण टर्मिनेटर लावा हे सगळे सांगतात, तो टोकालाच का लावायचा हे कोणी सांगत नाही.

आता स्टार. मध्ये स्विच, प्रत्येकाला वेगळी केबल, जास्तीत जास्त १०० मीटर. १९९० च्या सुमाराला ट्विस्टेड पेअरवर, म्हणजे पिळलेल्या तारांच्या जोड्यांवर, इथरनेट आलं, आधी हब होते, म्हणजे वरून स्टार दिसायचा पण आतून बसच, एकाचं बोलणं सगळ्या पोर्टवर, मग स्विच आले आणि प्रत्येकाला स्वतःची वाट मिळाली. एकाची केबल तुटली तर एकाचंच बंद, आणि कोणाची तुटली ते लाईट बघून कळतं. ऑफिसात, शाळेत, घरात हेच करा, दुसरा विचारच नको. मधला स्विच गेला तर सगळं जातं हे खरं, पण माझ्या अनुभवात स्विच फार कमी मरतो, त्याचा अ‍ॅडॉप्टर मरतो, नाहीतर यूपीएसची बॅटरी बसते. एक जादा अ‍ॅडॉप्टर ड्रॉवरमध्ये ठेवा.

स्टारमध्ये खरी भीती वेगळीच आहे. एका संस्थेच्या ऑफिसात फोन आला, सगळं नेट हँग. जाऊन बघतो तर रॅकमधल्या स्विचचे सगळे हिरवे लाईट एकाच तालात फडफडतायत, सगळे एकदम. हे दिसलं की समजायचं लूप आहे. कोणीतरी टेबल हलवताना खाली लोंबणारी पॅच कॉर्ड, म्हणजे नेटवर्कची छोटी वायर, बघितली आणि चांगल्या मनाने तिचं रिकामं टोक शेजारच्या रिकाम्या सॉकेटमध्ये घातलं, म्हणजे एकाच स्विचमधून निघालेली वायर फिरून त्याच स्विचमध्ये. इथरनेटच्या फ्रेमला, म्हणजे डेटाच्या एका पाकिटाला, वय नसतं, इतके फेरे झाले की मर असं सांगणारा आकडाच तिच्यात नाही, त्यामुळे सगळ्यांसाठीचा एक निरोप आत गेला की तो फिरतच राहतो आणि फिरता फिरता त्याच्या प्रती होत राहतात. ती कॉर्ड उपटली आणि दोन सेकंदात सगळं शांत.

ह्याच्यावरचा उपाय १९८५ मध्ये रेडिया पर्लमन या बाईंनी काढला, स्पॅनिंग ट्री. स्विच आपापसात बोलून ठरवतात की कुठली वायर फिरून आपल्याकडेच येतेय आणि ती तात्पुरती बंद ठेवतात. वायर जोडलेली असते, लाईट लागलेला असतो, पण त्यातून डेटा जात नाही. दुसरीकडे वायर तुटली की ही उघडते. इतकं साधं आहे, आणि पुढे आमच्या कारखान्यातल्या रिंगचं जे सांगतोय ते ह्याच्याच जोरावर. स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये हे नसतं, म्हणून घेताना विचारून घ्या.

तर रिंग.

वहीतलं वाक्य ज्या टोकन रिंगवरून आलं असावं, आयबीएमने १९८५ मध्ये आणलेली, ४ एमबीपीएसची, तिच्यातसुद्धा एक पीसी बंद केल्याने नेटवर्क पडायचं नाही. कारण वायर पीसीतून पीसीत जायचीच नाही, मध्ये एक डबा असायचा, त्याच्यातून प्रत्येकाकडे केबल, म्हणजे दिसायला स्टार. डब्याच्या आत प्रत्येक पोर्टला रिले, म्हणजे विजेवर उघडझाप होणारं बटण. पीसी चालू असला की तो रिलेला थोडं व्होल्टेज देतो आणि रिंगमध्ये सामील होतो, बंद झाला की व्होल्टेज जातं, रिले टक करून पडतो आणि रिंग त्याला वगळून पुढे जाते. मग ते वाक्य कोणाबद्दल आहे? कागदावर गोल काढून त्यावर पीसी ठेवले, त्या चित्राबद्दल. अशी साधी रिंग कोणी बनवली तर वाक्य खरं आहे, पण अशी बनवतं कोण.

आता आमच्या कारखान्यातलं सांगतो. आधी आमच्याकडे मेन ऑफिसातून चार ठिकाणी फायबर जायची, वजनकाटा, मिल, पॉवर हाऊस, गोडाऊन. चांगला स्टार, वहीतल्यासारखा. डिसेंबरच्या एका रात्री यार्डात जेसीबीने चर मारताना काट्याची फायबर उचकटली. बाकी सगळं चालू, स्टारचा फायदा क्रमांक एक. पण गळीत हंगामात काटा बंद म्हणजे काय हे ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग गेटच्या बाहेर, तिथून रस्त्यावर, थंडीत शेकोट्या पेटलेल्या, ऊस तोडून आलाय आणि वाळतोय, प्रत्येक तासाला वजन कमी होतंय ते शेतकऱ्याचं. काट्यावरचे अण्णा हाताने पावत्या लिहीत होते, नंबर, वाहन, गाव, उसाची जात, भरलेलं वजन, रिकामं वजन, बोटं गारठलेली. तुटलेली फायबर जोडणारा स्प्लायसिंगवाला दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्या पावत्या कॉम्प्युटरवर चढवायला पुढचे तीन दिवस गेले आणि त्यात काही वजनांवरून भांडणं झाली ती वेगळीच.

त्या हंगामानंतर मी मागे लागून रिंग करून घेतली. ऑफिस ते काटा, काटा ते गोडाऊन, गोडाऊन ते मिल, मिल ते पॉवर हाऊस, आणि पॉवर हाऊस परत ऑफिसला. केबल स्टारपेक्षा फार जास्त लागली नाही, कारण शेजारी शेजारीच जोडायचे होते. स्विच मात्र मॅनेज्ड, म्हणजे ज्यांच्यात स्पॅनिंग ट्री असतं असे, घ्यावे लागले, कारण रिंग म्हणजे मुद्दाम केलेला लूपच, तिथे पैसे गेले. आता कुठलीही एक फायबर तुटली तरी डेटा उलट्या बाजूने फिरून येतो. जुन्या स्पॅनिंग ट्रीला ३० ते ५० सेकंद लागायचे, २००१ मध्ये रॅपिड आवृत्ती आली तिला साधारण सेकंदभर. दोन ठिकाणी एकदम तुटली तर मधला तुकडा वेगळा पडणार, हा रिंगचा खरा तोटा, तो लिहा वहीत. आणि दुसरा, जो मी बऱ्याच ठिकाणी बघितलाय, रिंगच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेतात, खोदाई वाचते म्हणून. मग जेसीबी दोन्ही एकदम तोडतो. आम्ही गोडाऊनकडची बाजू मुद्दाम कंपाउंडच्या पलीकडून नेली, त्यावरून माझे आणि सिव्हिलवाल्यांचे बरेच वाद झाले, पण मी हटलो नाही.

आणि हे फक्त आमच्या कारखान्यापुरतं नाही. ग्रामपंचायतींना फायबर द्यायची सरकारी योजना २०११ मध्ये मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. पहिल्या टप्प्यात तालुक्यावरून गावापर्यंत सरळ लाईन जायची, रस्ता रुंद करताना मध्ये कुठे तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर केले आणि त्यात स्पष्ट आहे की ग्रामपंचायती रिंग टोपॉलॉजीने जोडायच्या. म्हणजे देशाला जिथे भरवसा पाहिजे तिथे रिंग निवडली, आणि आमच्या पोरांच्या वहीत अजून रिंग म्हणजे एक गेला की सगळे गेले.

ट्री म्हणजे एका खोडाला फांद्या फुटाव्यात तसं नेटवर्क, त्याबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या घरातली फायबर बहुतेक तीच आहे. ऑपरेटरकडून एक फायबर येते, खांबावरच्या डब्यात काचेचा स्प्लिटर असतो, तो उजेडाचे बऱ्याचदा ३२ भाग करतो आणि ३२ घरांना देतो. स्प्लिटरला वीज लागत नाही, त्यामुळे गल्लीत लाईट गेली तरी तो चालतो, हे फार मोठं आहे. पण मागची मूळ फायबर तुटली की ३२ घरं एकदम, म्हणून नेट गेल्यावर आधी शेजाऱ्याला विचारा, त्याचंही गेलं असेल तर राउटर बंद-चालू करत बसू नका.

मेश म्हणजे सगळ्यांना सगळे जोडलेले. ५ मशीनला १० वायर, १० ला ४५, ५० ला १,२२५, म्हणून पूर्ण मेश वायरने कोणी करत नाही, जिथे महत्त्वाचं तिथेच जादा जोड देतात. इंटरनेट तसंच आहे. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडे नेट रांगायला लागलं होतं, पण बंद पडलं नाही, कारण पूर्वेकडून दुसरी वाट होती.

दरवर्षी बॉयलर पेटायच्या आधी मी एक काम करतो. अण्णा काट्यावर बसतात, स्क्रीनवर सर्व्हरचा पिंग, म्हणजे सर्व्हर उत्तर देतोय का हे सारखं विचारणारी हाक, चालू ठेवतात, फोन स्पीकरवर. मी ऑफिसच्या रॅकमधून काट्याकडची फायबर हाताने उपटतो. यंदा उपटली तेव्हा अण्णा म्हणाले, "गेला... गेला... आला बघा." दोन पिंग गेले, तिसरा गोडाऊनकडून फिरून आला. फायबर परत लावली, आणि मग पलीकडची उपटली.