बिअर, मुळात घरचीच

बिअर म्हटलं की आपल्यासमोर येते ती कंपनी, मोठाल्या टाक्या, ट्रक, लेबलं. पण हजारो वर्षं हे काम घरातलं होतं, आणि तेही बायकांचं. मध्ययुगीन इंग्लंडात घरची बाई एल नावाची बिअर बनवायची, जास्त झाली की शेजारपाजारी विकायची, कारण ती पटकन खराब व्हायची. मग हॉप्स (एका वेलीची कडवट फुलं) आले, त्यांच्यामुळे बिअर टिकायला लागली, लांब नेऊन विकता यायला लागली, आणि पैसा दिसल्यावर पुरुष आले. बाई बाजूला. (हे काही फक्त बिअरच्याच बाबतीत झालेलं नाही, असो.)

मला खरी मजा वाटते अमेरिकेची. १९२० ला तिथे दारूबंदी आली तर किराणा दुकानात माल्ट सिरपचे (मोड आलेल्या बार्लीचा पाक, यातून घरी बिअर करता येते) डबे मिळायचे, पाव-बिस्किटं करायला म्हणे, आणि एवढे पाव कोण खातंय हे कुणी विचारायचं नाही. १९३३ ला बंदी उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरचं मात्र राहूनच गेलं! ते दुरुस्त व्हायला १९७८ उजाडलं, राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टरनी कायद्यावर सही केली. दोन मोठी माणसं असलेल्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे रोजचे दोन लिटर. कंजूषपणा नाही केला हां.

तोवर लोक थांबले होते थोडेच. जॅक मॅकऑलिफ नेव्हीत असताना स्कॉटलंडमध्ये घरगुती बिअर करायला शिकला आणि १९७६ ला कॅलिफोर्नियात त्याने न्यू अल्बियन ही छोटी बिअर कंपनी काढली, सहा वर्षांत बंदही पडली बिचारी. केन ग्रॉसमनचं चिको गावात होमब्रूच्या (घरगुती बिअरच्या) सामानाचं दुकान होतं, त्याने डेअरीची जुनी भांडी जमवून सिएरा नेवाडा ही बिअर कंपनी उभी केली, पहिल्या बऱ्याच बॅचेस मनासारख्या झाल्या नाहीत म्हणून ओतून दिल्या, शेवटी जमलेली कॅस्केड जातीच्या हॉप्सवाली पेल एल आजही मिळते. मोठ्या कंपन्या तेव्हा सगळ्या एकाच चवीची फिकट लागर बिअर विकत होत्या, कारण अख्खी टाकी बिघडली तर केवढ्याला पडेल. घरी वीस लिटर बिघडले तर काय, लोणच्याची बरणी बिघडल्यासारखं, पुढच्या वेळी बघू. क्राफ्ट बिअरमधला (अशा छोट्या कंपन्यांच्या बिअरमधला) सगळा वेडेपणा माझ्या मते इथून आलाय.

कार्टरच्या सहीनंतरही राज्यांना आपापले नियम ठेवायची मोकळीक होतीच. त्यामुळे ओबामांच्या काळात व्हाइट हाउसच्या किचनमध्ये तिथल्याच पोळ्यांमधला मध घालून एल बनत होती, आणि तेव्हा मिसिसिपीत कुणी तेच केलं असतं तर गुन्हा. तिथे परवानगी मिळाली २०१३ मध्ये.