तेल बदलायचं ठरतं, पण टिकत का नाही?

कुठलं तेल तब्येतीला बरं, याची जुजबी माहिती बहुतेक घरांत असते. तरी महिन्याच्या सामानात जुनंच तेल येतं, कारण तेलाची निवड खरं तर भाव, वास आणि हाताची सवय या तीन गोष्टी करतात. त्यात सामान आणणारा एक, रांधणारा दुसरा आणि पथ्य तिसऱ्याचं, असं असलं की डॉक्टरांचा सल्ला दुकानापर्यंत पोचतच नाही. म्हणून तेलाचं नाव यादीत स्पष्ट लिहा. नुसतं 'तेल' लिहिलं की स्वस्तातलं येतं.

आधी भावाचं बघू. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं, त्यामुळे लिटरच्या आणि किलोच्या पॅकची तुलना करताना दोन्ही किलोवर आणा. शिवाय परवडतं की नाही हे महिन्याच्या खर्चावर ठरवा, बाटलीच्या किमतीवर नको. चौघांच्या घरात माणशी रोज ३० ग्रॅम तेल जात असेल, तर तीस दिवसांत ३ किलो ६०० ग्रॅम लागतं. तेच २० ग्रॅमवर आणलं की २ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे दीडपट महाग तेलसुद्धा त्याच खर्चात बसतं! मात्र त्यासाठी बाटली थेट कढईवर उलटी करायची सवय सोडून चमचा धरावा लागतो. १५ मिलिलिटरचा एक चमचा म्हणजे जवळपास १४ ग्रॅम तेल आणि १२० कॅलरी. तेल कुठलंही असो, कॅलरी ग्रॅममागे ९च. 'लाइट' लिहिलं म्हणून त्या घटत नाहीत.

पॅकच्या दर्शनी बाजूवर 'कोलेस्टेरॉल फ्री' ठळक छापलेलं असतं. कोणत्याच वनस्पती तेलात नोंद घेण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतं, तेव्हा त्यावरून निवड करण्यात काही अर्थ नाही. पॅक उलटा करा आणि १०० ग्रॅममागचे आकडे वाचा. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे जास्त झालं की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी चरबी, सूर्यफूल तेलात ११ ग्रॅमच्या आसपास, शेंगदाणा तेलात १७ ते २०, पाम तेलात ५०च्या जवळ आणि खोबरेल तेलात ८०च्या वर असतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सॅच्युरेटेड फॅट रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावं. २००० कॅलरींच्या आहारात ते सुमारे २२ ग्रॅम होतं, आणि त्यात दूध, मांस, बेकरीचे पदार्थ सगळंच आलं. घटकांच्या यादीत 'अंशतः हायड्रोजनेटेड' (तेल घट्ट करायची प्रक्रिया, हिच्यातून हृदयाला घातक ट्रान्स फॅट तयार होतं) हे शब्द दिसले तर पॅक परत ठेवा, मग पुढे 'ट्रान्स फॅट ०' छापलेलं का असेना. अगदी थोडं प्रमाण शून्य म्हणून लिहायची मुभा बऱ्याच ठिकाणी असते.

ओमेगा-३ साठी, म्हणजे शरीराला लागणाऱ्या पण आहारातूनच मिळणाऱ्या फॅटसाठी, सोयाबीन, कॅनोला किंवा मोहरीचं तेल उपयोगी. सूर्यफूल आणि शेंगदाण्यात ते जवळपास नसतंच. त्यामुळे दोन तेलं आलटून-पालटून वापरणं मला एकाच 'सर्वोत्तम' तेलामागे धावण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं.

बदल फसतो तो बहुधा वासावर. पहिल्याच दिवशी पूर्ण तेल बदललं की ताटावरून तक्रार येते आणि नवी बाटली मागे पडते. तीन भाग जुनं, एक भाग नवं असं आठवडाभर चालवा, मग निम्मं-निम्मं, मग पुढे. सुरुवात मसालेदार पदार्थांपासून करा, तिथे तेलाचा वास दबतो. आणखी एक चूक सर्रास होते: जुन्या डब्यात तळाशी उरलेल्या तेलावरच नवं ओततात. उरलेलं तेल हवा लागून खवट व्हायला लागलेलं असतं आणि ते नव्यालाही लवकर खराब करतं. दोष मात्र नव्या तेलावर येतो. डबा गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, मगच भरा. शेगडीशेजारी ठेवू नका. उजेड आणि उष्णता दोन्ही तेलाच्या मुळावर येतात.

तळणीसाठी तेल निवडताना फक्त धूर येण्याचं तापमान बघू नका. पॉलिअनसॅच्युरेटेड फॅट (साध्या सूर्यफूल, सोयाबीन तेलात मुख्यतः असतं ते) जास्त असलेलं तेल रिफाइंड असलं तरी उष्णतेत लवकर बिघडतं. 'हाय ओलिक' प्रकारचं (ओलिक हे उष्णतेत जास्त टिकणारं फॅट भरपूर असलेलं) सूर्यफूल तेल किंवा शेंगदाणा तेल जास्त तग धरतं. तळणीचं तेल गाळून ठेवलं तरी प्रत्येक वापरानंतर कमी तापमानाला धूर सोडू लागतं. ते दाट, काळसर झालं किंवा फेस बसेनासा झाला की टाकून द्या; ताजं तेल घालून ते सुधारत नाही.