लर्क-शून्य नक्की कोण? नव्या कर्नलवरच्या रिमोटचा हालहवाल

दोषी सापडला एकदाचा! मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ४.१४ वर गुमान चालणारा माझा रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक नव्या कर्नलवर नेला आणि इन्फ्रारेड रिमोटचं तंत्र बिघडलं. रिमोटचे सिग्नल पकडणारा रिसीव्हर तोच, वायरींना हात लावलेला नाही, तरी एका रीबूटनंतर सगळं सुरळीत आणि पुढच्या रीबूटनंतर पाय ठार बहिरा.

पूर्वपीठिका तुम्हाला पाठ असेल. रास्पबेरी पायच्या ४.१९ कर्नलपासून लर्क-आरपीआय हा इन्फ्रारेड ड्रायव्हर गेला आणि त्याच्या जागी जीपीआयओ-आयआर व जीपीआयओ-आयआर-टीएक्स असे ऐकणारा आणि पाठवणारा, दोन ओव्हरले (जोडलेलं हार्डवेअर कर्नलला सांगणाऱ्या फाइली) आले. दोघांनाही पिन सांगावी लागते, नाहीतर दोघेही १८ वरच हक्क सांगतात. माझा रिसीव्हर १८ वर आणि सिग्नल पाठवणारा एलईडी १७ वर, म्हणजे जुन्या ड्रायव्हरची डीफॉल्ट जोडणी. तेवढं कॉन्फिगमध्ये लिहून झालं होतं.

गोम वेगळीच निघाली. जुना ड्रायव्हर ऐकायला आणि पाठवायला लर्क-शून्य हे एकच डिव्हाइस द्यायचा. आता दोन ड्रायव्हर, म्हणून दोन डिव्हाइस: शून्य आणि एक. मॉड्यूल बूटच्या वेळी समांतर लोड होतात. जो आधी नोंदला जाईल तो शून्य. म्हणजे लर्कडी (रिमोटचे सिग्नल वाचणारा, मागे चालू असणारा प्रोग्राम) कधी रिसीव्हरला कान लावून बसायचा, तर कधी एलईडीला! बहिऱ्या बूटमध्ये आयआर-सीटीएल ही कमांड लर्क-शून्यवर फीचर्स दाखवायला लावून चालवली, तर उत्तर आलं की हे डिव्हाइस पाठवू शकतं, ऐकू शकत नाही. त्याआधी सगळा संशय रिसीव्हरवर होता.

(रिसीव्हरवरून आठवलं. पायसाठी टीसॉप १७३८ हा रिसीव्हर अजूनही सुचवला जातो, ते बंद करा. त्याला ५ व्होल्ट लागतात आणि पायची पिन ३.३ ची. टीसॉप ३८२३८ हा २.५ पासून चालतो. छाप नसलेले स्वस्त तुकडे तर घेऊच नका, त्यांच्या पिना कुठल्या क्रमाने आहेत तेही धड कळत नाही.)

इलाज यूडेव्हचा, म्हणजे डिव्हाइसना नावं देणाऱ्या लिनक्सच्या सेवेचा. सबसिस्टम लर्क, आणि ड्रायव्हरच्या नावावरून सिमलिंक (कायमचं टोपणनाव): रिसीव्हरला लर्क-आरएक्स, ट्रान्समीटरला लर्क-टीएक्स. नियमात अनेकवचनी 'ड्रायव्हर्स' हवं, कारण ड्रायव्हरचं नाव पालक डिव्हाइसवर असतं. शिवाय नावांची गंमत पाहा: रिसीव्हरच्या ड्रायव्हरच्या नावात अंडरस्कोअर, ट्रान्समीटरच्या नावात आडवी रेघ. अंदाजाने टाइप करू नका. यूडेव्हएडीएम या कमांडला सगळे गुणधर्म छापायला सांगा आणि तिथून उचला. आता कितीही रीबूट करा, मोड-टू या कच्चा सिग्नल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये पल्स-स्पेस (सिग्नल चालू-बंदच्या वेळा) धो धो येतात. एनईसी या रिमोट-प्रोटोकॉलचा तो सुरुवातीचा ९ मिलिसेकंदांचा लांबलचक पल्स दिसला तेव्हा जिवात जीव आला.

आनंद फार टिकला नाही. आवाज वाढवायचं बटण एकदा दाबलं की दोन पायऱ्या वर. कारण आता कर्नलही एनईसी डीकोड करून की-प्रेस देतो आणि लर्कडीही देतो, कोडी या मीडिया प्लेअरला दोन्हीकडून वर्दी. कर्नलच्या प्रोटोकॉल फाइलमध्ये फक्त लर्क ठेवलं की कर्नलचं तोंड बंद होतं.

तेवढं करून ही नोंद संपवणार होतो, पण लिहिता लिहिता वाटलं, उलटं का करू नये? डीकोडिंग कर्नल फुकटात करतोय, मग लर्कडी पोसायचा कशाला? म्हणून त्यालाच रजा दिली. जुनी लर्कडीची कॉन्फिग फाइल व्ही४एल-यूटिल्स या साधनसंचातल्या लर्कडी-टू-टॉमल स्क्रिप्टमधून काढून टॉमल या साध्या मजकूर-फाइलीत आणली, आरसी-मॅप्स या कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली आणि आयआर-कीटेबल या कमांडच्या चाचणीत बटणं नावानिशी दिसली. अडली फक्त ओकेची कळ, तीही एक्स-११ या जुन्या स्क्रीनव्यवस्थेवर: की-ओकेचा कोड ३५२, एक्सची मर्यादा २५५. टॉमलमध्ये की-एंटर लिहिलं की काम होतं. एक्सऐवजी नवं वेलँड वापरणाऱ्यांनी हे सोडून द्यावं.

पाठवण्याचं काम आयआर-सीटीएल करतं, पण टीव्ही दर काही दाबांमागे एक गिळतो. जीपीआयओ-आयआर-टीएक्स ३८ किलोहर्ट्झची कॅरियर (सिग्नल वाहून नेणारी लहर) सॉफ्टवेअरने मोजत बसतो, माझा संशय तिथे. आधी एलईडीचा रेझिस्टर बदलून पाहणार होतो, पण तो बेत रद्द. पीडब्ल्यूएम-आयआर-टीएक्स हा ओव्हरले पीडब्ल्यूएम (ठराविक गतीने पल्स देणाऱ्या) हार्डवेअरकडून कॅरियर घेतो आणि त्याची डीफॉल्ट पिन १८. तेव्हा एलईडी १८ वर, रिसीव्हर १७ वर, आणि यूडेव्हच्या नियमात ड्रायव्हरचं नाव बदलायचं. हेडफोन जॅकचा आवाजही पीडब्ल्यूएमच वापरतो, पण माझा आवाज एचडीएमआयमधून जातो. कुणी दोन्ही एकत्र चालवून पाहिलं असेल तर सांगा; सोल्डरिंग त्यानंतरच.