कामियामा: कलाकारांना घरचं माणूस करून घेणारं गाव

जपानमध्ये शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतात, कामियामा नावाचं डोंगरातलं गाव आहे. आम्ही राहतो कोबेला, तिथून हायवे बसने आकाशी आणि नारुतोचे ते प्रचंड पूल ओलांडून तोकुशिमा, आणि मग लोकल बसने आकुई नदीच्या काठाकाठाने तासभर वर. बस रिकामीच असते, बसली तर दोनचार आज्या. खिडकीतून दिसतात सुगीची (जपानी सीडरची) जंगलं, सुदाचीच्या बागा (छोटं हिरवं लिंबू, जपानमध्ये सगळ्यात जास्त इथेच पिकतं) आणि अधूनमधून कुलूपबंद घरं. कोकणातल्या माणसाला ही घरं ओळखू यायला वेळ लागत नाही, अंगणात गवत, पडवीत जुनी सायकल, मुलं शहरात. १९५० च्या दशकात इथे वीस हजारांच्या आसपास लोक होते, पुढे परदेशी लाकूड स्वस्तात यायला लागलं, इथला लाकडाचा धंदा बसला, आणि आता साधारण पाच हजार उरलेत.

आणि अशा गावात १९९९ पासून दरवर्षी आर्टिस्ट रेसिडेन्सी चालते! म्हणजे काय तर ऑगस्टअखेरीला जपानचे आणि परदेशातले मोजके कलाकार येतात, त्यांना राहायला घर, कामाला जागा आणि खर्चाला पैसे मिळतात, ते गावात राहून काम करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटी प्रदर्शन भरतं.

मला सगळ्यात आवडलं ते हे की हे कुणा मोठ्या म्युझियमचं काम नाही, गावातल्याच लोकांनी सुरू केलंय. त्याची गोष्ट एका बाहुलीपासून सुरू होते. १९२७ मध्ये अमेरिकेतून जपानी शाळांना मैत्रीची भेट म्हणून हजारो बाहुल्या आल्या होत्या, युद्धात त्यातल्या बहुतेक जाळल्या, फोडल्या गेल्या, पण इथल्या शाळेतली ॲलिस वाचली. गावातल्या शिन्या ओमिनामी यांनी तिच्या कागदपत्रांवरून तिचं गाव शोधून काढलं, पेनसिल्व्हेनियातलं विल्किन्सबर्ग, आणि १९९१ मध्ये गावकरी चक्क तिला घेऊन माहेरी जाऊन आले. त्याच मंडळींनी पुढे रेसिडेन्सी उभी केली आणि २००४ मध्ये ग्रीन व्हॅली ही संस्था काढली.

यांच्याकडे ना कलेचे जाणकार होते ना मोठे नाव असलेले कलाकार बोलवायला पैसे. मग त्यांनी ठरवलं की आपल्याला जे जमतं ते करायचं, आलेल्या माणसाचं राहणं चांगलं करायचं. प्रत्येक कलाकाराला गावातलेच आई-बाबा नेमून दिले जातात! लाकूड कुठे मिळेल, लोखंड कोण कापून देईल, थंडीला जास्तीची गादी, सगळं तेच बघतात. मला प्रदर्शन दाखवणाऱ्या आजी एका कामासमोर थांबून किती वेळ बोलत होत्या, हा वाकलेला बांबू आमच्या शेजाऱ्याने दिला, हा खिळा अमक्याने ठोकला, आणि त्या सगळ्यात कलेवर एक शब्द नाही पण ते काम त्यांचं स्वतःचं होतं हे मला तिथे उभं राहून कळत होतं.

योरिइझा हे जुनं नाटकघर तर बघाच. १९२९ चं, आत छताला वर बघितलं की चौकोनाचौकोनात गावातल्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या जाहिराती. मधल्या काळात नाटकं बंद पडली, तिथे शिवणकामाचा कारखाना होता, आता तिथे प्रदर्शनातली कामं मांडतात. आणि मागच्या ओआवा डोंगरावर झाडीत 'लपलेली लायब्ररी' आहे, हिदेआकी इदेत्सुकी या कलाकाराने २०१२ मध्ये केलेली. गावकऱ्याने तिथे आयुष्यात तीनच पुस्तकं ठेवायची, शिक्षण संपल्यावर एक, लग्नानंतर एक आणि रिटायर झाल्यावर एक. बाहेरच्यांना आत जाता येत नाही, मी बाहेरूनच बघितली आणि खूप वेळ तिथेच उभी होते, माझी तीन कुठली असती याचा विचार करत.

आता कुणी विचारेल याने गाव वाचलं का? माणसं अजूनही कमी होतायत, म्हातारी जास्त आहेत, ते खरंच आहे. पण कलाकारांमुळे गावाला अनोळखी माणसाला घर द्यायची, त्याच्याशी जुळवून घ्यायची सवय लागली आणि माझ्या मते खरी कमाई हीच आहे. काही कलाकार इथेच राहिले, मग गावाने रिकामी घरं बघून बेकरीवाला हवाय, डिझायनर हवाय असं सांगून माणसं बोलवायला सुरुवात केली, फायबर इंटरनेट आधीच आलेलं होतं म्हणून २०१० मध्ये टोकियोच्या सानसान कंपनीने एका जुन्या घरात ऑफिस थाटलं, आणि २०११ मध्ये कित्येक वर्षांनी गाव सोडून गेलेल्यांपेक्षा राहायला आलेले जास्त निघाले. एप्रिल २०२३ पासून तर इथे नवं तंत्रनिकेतन आहे, वर्षाला चाळीस मुलं घेतात.

आपल्याकडेही पट कमी झाला म्हणून बंद केलेल्या शाळा आहेत, रिकामी घरं आहेत, दशावतार आणि नमनवाली मंडळी आहेत, आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या काकू तर घरोघरी आहेत. एखाद्या ग्रामपंचायतीने दोन कलाकारांपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं, फक्त पहिल्या वर्षी पर्यटक किती आले हे मोजू नका, इथे ऑफिसं यायला अकरा वर्षं गेली.

जपानला येणार असाल तर ऑक्टोबरअखेर गाठा, बसचं टाइमटेबल आधी बघून ठेवा, आणि भाजलेल्या माशावर सुदाची पिळून खाल्ल्याशिवाय परत निघू नका.