एका ‘ल’साठी चार रात्री

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मला पंधरा मिनिटं मिळाली होती. विषय मीच मागून घेतलेला: पहिलीच्या मुलांचं अक्षरवळण. बारा स्लाइडची पीपीटी. चित्रं, बाण, मुलांच्या वह्यांचे फोटो हे सगळं एका संध्याकाळी उरकलं. गाडी अडली ती ‘ल’पाशी.

आपली मुलं पाठ्यपुस्तकात बघतात तो ‘ल’ पाकळ्यांचा, मधल्या छोट्या रेघेच्या दोन्ही अंगांना दोन पाकळ्या. शासनाने 2009 साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही हाच पाकळीयुक्त ‘ल’ आहे. माझ्या स्लाइडवर मात्र उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी पाटीवरचा ‘ल’ ठाण मांडून बसला होता. दुसरा विषय असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. पण “असा ‘ल’ गिरवून घ्या” असं सांगायचं आणि वर ‘ल’च भलता? (तुम्ही हे वाचताय त्यातला ‘ल’ कसा दिसतोय, बघा एकदा.)

पहिल्या रात्री सगळ्या स्लाइडचा फॉन्ट एकदम बदलायला थीममध्ये गेले. बदलला, पण फक्त इंग्रजी अक्षरांचा! थीममध्ये रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा वेगळा नोंदलेला असतो, आणि त्या खिडकीत मला विचारला जात होता तो फक्त पहिला. मग एकेका चौकटीतला मजकूर निवडून फॉन्ट बदलत बसले. बारा स्लाइड, चाळीसेक चौकटी. नवी चौकट घेतली की पुन्हा जुनाच फॉन्ट हजर.

दुसरी रात्र ‘नोटो’ फॉन्टवर गेली. त्याच्या पोटात मराठी ‘ल’ आहे हे मला ठाऊक होतं. भानगड अशी की युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन्ही ‘ल’ना एकच क्रमांक आहे, 0932. मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फॉन्टला सांगितलं तरच पाकळ्या उमलतात. मी मजकुराची भाषा मराठी करून पाहिली, फाइल बंद करून पुन्हा उघडली. दंड जागचा हलला नाही. पुस्तकाची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षराचं हे पर्यायी रूप निवडता येतं. इथे पॉवरपॉइंटमध्ये सावल्या, चकाकी आणि गोल गोल फिरत येणारं शीर्षक यांना जागा आहे, अक्षराचं रूप निवडायला एक बटण नाही. चिडून लॅपटॉप मिटला.

सुटका केली ती ‘टिरो देवनागरी मराठी’ने. त्याच फॉन्टचे हिंदी आणि संस्कृत असे वेगळे भाऊ आहेत, आणि मराठीवाल्यात पाकळ्यांचा ‘ल’ मुळातच बसवलेला आहे. कुणाला काही सांगावं लागत नाही. फुकट मिळतो. तिसऱ्या रात्री साडेअकराला स्क्रीनवर तो ‘ल’ उमटला तेव्हा मी झोपलेल्या नवऱ्याला उठवून दाखवला. तो “बरं” म्हणाला.

चौथी रात्र का लागली? परिषदेच्या आदल्या दिवशी केंद्रशाळेच्या लॅपटॉपवर फाइल लावून पाहिली, आणि दंडोबा परत! तिथे टिरो नव्हताच. म्हणून आधीच सांगते, सेव्ह करण्याच्या पर्यायांत फाइलमध्येच फॉन्ट बसवून ठेवायची एक खूण असते, ती करा. मला ती रात्री एकला सापडली. तरी भरवसा नको म्हणून मोठ्या ‘ल’चं मी चित्र करून चिकटवलं. अक्षरं जशीच्या तशी राहतात म्हणून पीडीएफचा सोपा रस्ता होता, पण त्यात रेघा एकामागून एक काढून दाखवता आल्या नसत्या.

हो, आणि चौकटीत मजकूर मावेना की अक्षरं आपोआप बारीक होतात, ते आधी बंद करा. माझ्या पाचव्या स्लाइडवरच्या वेलांट्या मागच्या बाकावरून दिसतच नव्हत्या.

परिषदेत ‘ल’बद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. बरोबर ‘ल’ कुणाला दिसतो? संध्याकाळी शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी पीपीटी मागितली, मी पाठवली. दहा मिनिटांत त्यांच्या मोबाईलवरून स्क्रीनशॉट आला: “मॅडम, हा ‘ल’ हिंदीतला वाटतोय, नाही का?”

त्यांना पीडीएफ पाठवली.