आयर्विनला किती आणि एचपी किती

शुक्रवार, रात्री

भाच्याशी पुन्हा तोच वाद. आरपीजीत, म्हणजे एखादं पात्र घेऊन खेळायच्या कॉम्प्युटर गेममध्ये, गोष्ट मोठी की खेळ मोठा. तो इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहतो आणि घरात कॉम्प्युटर एकच, त्यामुळे कोण काय खेळतंय ते दुसऱ्याला बघावंच लागतं. त्याचं माझ्याबद्दलचं मत एका वाक्यात संपतं: "मावशी, तू खेळत नाहीस, वाचत बसतीस." माझं त्याच्याबद्दलचं असं की, गेममधल्या पात्रानं तोंड उघडलं रे उघडलं की हा बटण दाबून त्याला गप्प करतो. समोर घर जळालेली बाई रडत असते आणि याला फक्त नकाशावर पिवळी खूण कुठं उमटली ते बघायचं असतं.

आज निमित्त 'विचर ३'चं. २०१५ चा गेम, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. पहिल्यांदा खेळले त्याला बराच काळ लोटला, तरी पावसाळा आला की मी तो पुन्हा काढते. ब्लडी बॅरनच्या प्रकरणाशी आले होते. भाचा भडंगाची वाटी घेऊन मागं उभा. बॅरनची बायको आणि मुलगी नाहीशा झाल्यात, त्या शोधून दे म्हणून तो गेराल्टच्या, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या नायकाच्या, गळ्यात पडतो. खणत गेलं की कळतं, हा दारू पिऊन बायकोला मारत होता, पोटातलं मूल त्यातच गेलं, आणि त्या मुलाला नाव न ठेवताच यानं पुरलं. आता ते मूल भूत होऊन उठलंय. एक तर त्याला मारून टाकायचं, नाही तर बापाच्या हातून त्याचं बारसं करून उंबऱ्याखाली नीट पुरायचं.

"यात खेळ कुठाय?" भाचा म्हणाला. "हे तर नुसतं बघायचंय."

मी बारशाचा मार्ग निवडला आणि त्याला गप्प बसून बघ म्हटलं. बॅरन त्या विद्रूप पोराला हातात घेऊन अंधारातून चालत असतो, मधेच पिशाच्चं अंगावर येतात, ती आपण तलवारीनं आवरायची. पण लढाई लांबली की हातातलं पोर बिथरतं. मग लढाई तशीच सोडून गेराल्टनं त्याच्यावर ॲक्सी टाकून त्याला शांत करायचं. ॲक्सी म्हणजे समोरच्याचं डोकं वश करायची जादू, एरवी पहारेकऱ्यांना गंडवायला नाही तर दुकानदाराकडून जास्त पैसे काढायला मी ती वापरत आले. इथं तीच बोटं, तेच बटण, आणि काम काय, तर रडणारं पोर निजवणं. बाकी गेमभर जे हत्यार होतं ते या पाच मिनिटांपुरतं अंगाई होतं. हे कुणी संवादात लिहून सांगितलं असतं तर मी जांभई दिली असती.

भाचा काही बोलला नाही, पण भडंग संपेपर्यंत उभा होता. त्याच्या हिशेबात ही मोठी दाद.

(याच गेममध्ये पोटच्या पोरीसारखी सिरी संकटात असताना गेराल्ट गावोगाव ग्वेंटचे पत्ते कुटत बसतो. त्यावर मी काही बोलणार नाही. माझ्याकडे जवळजवळ सगळे पत्ते आहेत.)

शनिवार

दुकानात आज गिऱ्हाईक कमी, फोन जास्त. आणि प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न, "आयर्विनला किती?" हळदीचा दर नंतर. कोयनेतून विसर्ग वाढवला की आमच्या मार्केट यार्डात हेच चालतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे बाहेरचा माणूस पेपरात वाचतो. सांगलीकराला त्या आकड्यांत गल्ल्या दिसतात. किती फुटाला कुणाच्या दारात पाणी, कुठला रस्ता बंद, गाडी कुठं नेऊन लावायची, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कधी हलवायचं. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हापासून लहान पोरंसुद्धा फुटांत बोलतात. आकडे रुक्ष असतात असं म्हणणाऱ्यानं एक पावसाळा इथं काढावा.

शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या, म्हणजे हिशेबाच्या पावत्या, करताना हेच डोक्यात घोळत होतं. भाचा ज्याला खेळ म्हणतो त्यात शेवटी असतं काय? आकडे. एचपी, म्हणजे पात्राचा उरलेला जीव, किती, लेव्हल कितवी, तलवारीचा घाव केवढा, फासा काय पडला. दिवसभर पोती, वजनं, हमाली, तोलाई यांची बेरीज करून मी रात्री पुन्हा आकड्यांपाशीच का जाते, असं बहीण विचारते. तर ते यासाठी. आकडा अमुक झाला की अमुक घडेल आणि मग माघार नाही, एवढं जिथं ठरलेलं असतं तिथं मला गोष्ट लागते. नुसतं लिहिलेलं मी विसरते. लेखणी कितीही चांगली असो.

'डिस्को एलिसियम'चंच घ्या. २०१९ चा गेम, एस्टोनियातल्या मंडळींनी केलेला. लढाईची अशी काही यंत्रणाच नाही, दहा लाखांहून जास्त शब्द, त्यामुळे भाच्याच्या लेखी ती कादंबरीच. पण त्यात चोवीस कौशल्यं आहेत आणि प्रत्येक कौशल्य तुमच्या डोक्यात बसून बडबडतं. ज्या कौशल्याला जास्त गुण दिलेत ते जास्त बोलतं. ज्ञानकोशाला गुण घातले तर प्रेतासमोर उभं असतानाही नको ती माहिती ऐकावी लागते. म्हणजे गोष्ट सांगणारा आवाजच आकड्यावर ठरतो. आणि फासे आहेत, दोन. दोन्ही सहा पडले तर काम फत्ते, दोन्ही एक पडले तर तुमचं कौशल्य कितीही असो, आपटलात. अशा फाशांच्या परीक्षा दोन रंगांच्या: पांढरी पुन्हा देता येते, लाल एकदाच.

नायक पोलिस आहे, दारूनं स्मृती गेलेला, आणि हॉटेलचं बिल थकलेलं. मॅनेजर पैसे मागतो. एक पर्याय असतो, शिताफीनं सटकायचं. मी फासा टाकला आणि पडला उलटा. तर हा गृहस्थ पळता पळता मागं वळतो, मॅनेजरला हवेतच दोन्ही हातांनी असभ्य खूण करतो, आणि उलटा जाऊन व्हीलचेअरवर बसलेल्या एका वयस्कर बाईवर आदळतो. मी रात्री एक वाजता तोंडावर उशी धरून हसले. फासा सुलटा पडता तर हा प्रसंग मी बघितलाच नसता. हे लिहिणाऱ्यांनी हरणाऱ्यासाठी जिंकणाऱ्याइतकीच मेहनत घेतलीये, आणि माझ्या मते चांगल्या आरपीजीची खूण तीच. हरल्यावर 'पुन्हा प्रयत्न करा' एवढंच लिहून आलं, की समजावं, गोष्ट वेगळ्या खोलीत राहते आणि खेळ वेगळ्या.

आता भाच्याचं सांगते. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये वीस बाजूंचा फासा अख्ख्या पडद्यावर गरगरतो. हा पठ्ठ्या प्रत्येक संभाषणाआधी एफ-फाइव्ह दाबून सेव्ह करतो आणि फासा कमी पडला की एफ-एट, म्हणजे सेव्ह केलेल्या जागी परत. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा फासा, पुन्हा एफ-एट. पहारेकऱ्याला पटवेपर्यंत तो पहारेकरी बिचारा कितीदा तरी तेच विचारतो. याला गोष्ट नको म्हणतो, पण गोष्टीत हरायलाही नको. लढाईत मेला तर चालतं, बोलण्यात तोंडावर पडायचं नाही! मी म्हटलं, ऑनर मोड लाव. त्यात सेव्ह एकच असतो, जे झालं ते झालं. "तू वेडी हैस का?" म्हणाला.

रविवार

दुपारी पाऊस उघडला. भाचा आणि मी भावे नाट्यमंदिरावरून गेलो आणि वादानं तिथं नवीन वळण घेतलं.

आदल्या रात्री तो मलेनियाबद्दल बोलत होता. 'एल्डन रिंग' या गेममधली ती बया, तिचा घाव तुम्हाला बसला की तिचंच रक्त भरून येतं. भाचा तिच्याकडून जो मार खात आला त्याचं वर्णन आख्यानासारखं ऐकवतो: कुठल्या क्षणी लोळण घेतली, कुठं अर्धा सेकंद चुकला, तिच्या रक्ताची तेवढी रेघ उरली असताना हात कसा घामेजला. त्याच भरात 'लेट मी सोलो हर'ची कथा. २०२२ मध्ये कुणी एक खेळाडू डोक्यावर मडकं, अंगावर लंगोटी आणि हातात दोन तलवारी, एवढ्यावर अनोळखी लोकांच्या मदतीला जायचा आणि त्यांच्या वतीनं मलेनियाला एकटा मारायचा. हजाराच्या वर वेळा मारली. गेमच्या कंपनीनं शेवटी त्याला खरी तलवार भेट पाठवली. ही गोष्ट गेम लिहिणाऱ्या कुणीही लिहिलेली नाही, आणि आमचा गोष्टी वगळणारा भाचा ती डोळे चमकवून सांगतो. तिथं एफ-एट नाही ना. मेलात की जमवलेले रून्स, म्हणजे त्या गेममधली कमाई, मेल्याजागी सांडतात, आणि ते उचलायच्या आत पुन्हा मेलात तर गेले.

तर भावे. विष्णुदासांनी १८४३ मध्ये इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं, एवढं सांगलीत सगळ्यांना पाठ असतं. पण ते व्हायचं कसं, ते सहसा कुणी सांगत नाही. आज असते तशी पूर्ण लिहिलेली संहिता नव्हती. सूत्रधार पदं म्हणून कथा पुढं न्यायचा आणि पात्रं त्या धोरणानं जागच्या जागी भाषणं करायची. राक्षस आले की आरडाओरडा, तलवारींचा खणखणाट, म्हणून पुढच्यांनी त्या नाटकांना 'अलल डुर्र' म्हणून हिणवलं. सीतेला कोण वरणार हे बघायला काय कुणी येत होतं? गोष्ट आधीच ठाऊक. रावणाला आज धनुष्य कसं पेलत नाही आणि तो कसा उताणा पडतो, ते बघायला येत होते.

"म्हणजे गेमप्ले," भाचा म्हणाला.

म्हणजे गेमप्लेच. पण सूत्रधार नसता तर तो राक्षस कशासाठी ओरडतोय तेही कळलं नसतं, हे मी त्याला सुनावलं. चार मंडळी टेबलाभोवती बसून जे खेळतात, ज्यातून सगळ्या आरपीजी निघाल्या, ते 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ चं. त्याची मांडणी हीच: एक जण जग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र बोलतात, आणि भांडण झालं तर फासा. त्याचं मूळ तर गोष्टीत नव्हतंच, छोट्या शिशाच्या सैनिकांच्या युद्धखेळात होतं. दोघा कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्स आधी विमा कंपनीत होता, जोखमीचा हिशेब करायचा. त्याचे ते तक्ते बघितले की मला तो फार जवळचा वाटतो. किती मजल्याच्या तळघरात कुठलं श्वापद भेटेल याची जो कोष्टकं करतो त्याला हळदीच्या अडतीत कधीही नोकरी मिळाली असती.

सोमवार

आज भाच्यानंच उकरून काढलं. तो 'फायनल फँटसी ७' खेळतोय, १९९७ चा मूळचा, तेही संवाद वाचत. मी काही बोलले नाही. बोलले असते तर थांबला असता. जेवायला उठवलं तर उठेना. एरिथ गेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ती आपल्या टोळीतली मुलगी, जखमा भरणारी. तिला आपण कितीतरी लढायांत सोबत घेतो, लेव्हल वाढवतो, चांगली काठी घेऊन देतो. आणि सेफिरॉथ तिला समोर मारतो. फासा नाही, पर्याय नाही, आपल्या हातात काहीच नाही. माझ्या शनिवारच्या सगळ्या मांडणीला हा एकटा प्रसंग आडवा येतो. मला तो तेव्हाही लागला होता. मी मनाशी उत्तर जुळवून ठेवलंय ते असं की, इथं लागतं ते तिच्या जागेचं रिकामपण. पुढच्या लढाईत रक्त भरायला ती नसते, आपण बोट तिच्यावर न्यायला जातो आणि दुसरं कुणीतरी उभं असतं. ज्यानं कधीच तिला टोळीत घेतलं नाही त्याला तो प्रसंग निम्माच लागतो.

भाच्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते राहू दे. माझ्याकडं फिनिक्स डाऊन होती. ढिगानं. लढाईत कुणी मेलं की ती टाकायची, माणूस उठतो. मग हिला का टाकता येत नाही?"

मी म्हटलं, लढाईतलं मरण हे खरं मरण नाही, ते आडवं होणं आहे. हे वेगळं.

"हे गेमनं कधी सांगितलं? चाळीस तास एक नियम शिकवला आणि ऐन वेळी गोष्टीनं तो मोडला. तूच म्हणतीस ना, आकड्याला किंमत पाहिजे? मग माझ्या फिनिक्स डाऊनची किंमत काय?"

मी म्हटलं, ती उठली असती तर तू आत्ता जेवायला आला असतास आणि उद्या विसरला असतास.

"आणि तू म्हणाली असतीस, बघ, फासा न टाकता मिळालेलं विसरायला होतं. दोन्हीकडनं तूच बरोबर." ताट पुढं ओढून तो म्हणाला, "गोष्टवाल्यांचं हे असलं असतंय."