खडकीच्या वॉर सिमेट्रीत वैमानिक शोधताना

खडकी म्हटलं की पुणेकराला आधी १८१७ ची लढाई आठवते, मग दारूगोळ्याचा कारखाना. होळकर पुलापलीकडची वॉर सिमेट्री फार मागून आठवते, आणि आठवली तरी ‘हिरवळ आणि पांढरे दगड’ एवढीच. या वेळी मी तिथे गेलो ते एकाच कामासाठी. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या कबरी मला एकेक करून वाचायच्या होत्या.

पाऊस नुकताच उघडला होता. डेक्कन कॉलेजवरून पूल ओलांडला तेव्हा मुळा अजून गढूळच वाहत होती. आत आलं की रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येतात, पण ते बरेच लांबून आल्यासारखे वाटतात. समोर दगडी क्रूस, आणि दोन्ही अंगांना सरळ रेषेत लावलेले दगड. प्रत्येक दगड साधारण ८१ सेंटिमीटर उंच. अधिकारी असो की साधा शिपाई, उंची तीच. १९१७ साली ही कबरींची व्यवस्था पाहणारा आयोग स्थापन झाला, तेव्हापासून मरणानंतर हुद्द्याप्रमाणे दगड लहानमोठा करायचा नाही, हा नियम त्यांनी पाळला आहे. मला तो फार मोलाचा वाटतो.

इथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत, पण ही सगळी माणसं काही पुण्यात मेलेली नाहीत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरी विखुरलेल्या होत्या आणि कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथून त्या उचलून इथे आणल्या गेल्या. पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक जणांची नावंही इथल्या स्मारकावर आहेत. त्यातल्या ६२९ जणांचे अवशेष १९६२ साली मुंबईच्या शिवडीहून आणले. विमान कोसळलं एखाद्या माळावर, पुरलं तिथल्याच छावणीत, आणि कायमचा मुक्काम पडला तो खडकीला.

ब्रिटिश हवाई दलाचा दगड लांबूनही ओळखता येतो. वर मुकुट, त्याखाली पंख पसरलेला गरुड. मग सेवा क्रमांक, नाव, हुद्दा, आणि बऱ्याच दगडांवर त्याचं काम: पायलट, नॅव्हिगेटर (मार्ग काढणारा), वायरलेस ऑपरेटर (संदेश पाठवणारा), एअर गनर (तोफा चालवणारा). खाली तारीख आणि वय. कुणी वीस, कुणी बावीस. काहींच्या तळाशी घरच्यांनी निवडलेली एखादी ओळ. विमानाचं नाव मात्र कुठेच नाही, ते कसं पडलं तेही नाही.

ते कळतं ते तारखांवरून. एका पायलटचा दगड वाचून पुढे सरकलो तर शेजारी नॅव्हिगेटर, त्याच्या शेजारी वायरलेसवाला, आणि तारीख सगळ्यांची एकच. मी तिथेच खाली बसलो. बॉम्बफेकी विमानात माणसं ज्या कामाला असत, तीच कामं माझ्यासमोर ओळीनं कोरलेली होती. अवशेष वेगळे ओळखता आले नाहीत तर दगड एकमेकांना चिकटून उभे करायचे, अशी या आयोगाची रीत आहे. हे एकदा माहीत झालं की दोन दगडांमधल्या अंतराकडेही माणूस नीट बघायला लागतो.

मात्र गरुड दिसला की विमान पडलंच असेल, असं धरून चालू नये. भारतात आलेल्या हवाई दलातली बरीच माणसं जमिनीवरच काम करणारी होती: फिटर, मेकॅनिक, कारकून. मलेरिया आणि विषमज्वर यांनीही कितीतरी जणांना नेलं. एकटा दगड फारसं काही सांगत नाही, शेजारच्याची तारीख जुळली तरच धागा लागतो.

कडेला एक माळी गुडघ्यांवर बसून कात्रीनं दगडाभोवतीचं गवत कापत होते. मी विचारलं, “मामा, दगडापुढं एवढी बुटकीच झाडं का लावता?”

“पावसात माती उडती ना दगडावर,” ते म्हणाले. “झाड असलं म्हणजे माती तिथंच अडती. अन् उंच होऊ दिलं तर अक्षरं झाकतात.” एवढं सांगून ते पुढच्या दगडाकडे सरकले.

१९४४ च्या तारखा दिसल्या की मला मॉस्किटो विमानं आठवतात. हे विमान लाकडाचं होतं, प्लायवूड आणि बाल्सा नावाचं हलकं लाकूड गोंदानं चिकटवून केलेलं. हलकं आणि अतिशय वेगवान. नोव्हेंबर १९४४ मध्ये या भागातल्या मॉस्किटोंना एकापाठोपाठ अपघात झाले. आधी संशय आला गोंदावर: दुधातल्या केसीनपासून केलेला गोंद इथल्या उन्हानं आणि पावसानं सुटला, पंखांचं वरचं आवरण उचकटलं, असं म्हटलं गेलं. चौकशीसाठी विमान बनवणाऱ्या कंपनीनं इंग्लंडहून माणसं पाठवली. त्यांनी गोंद निर्दोष ठरवला आणि दमट हवेत लाकूड आकसल्याचं कारण दिलं. नंतरच्या तपासात मात्र कारखान्यातच जोड नीट बसवले नव्हते असं निघालं. मला यातली शेवटची गोष्ट सर्वात जास्त लागते. सुताराच्या हातून सांध्यात राहिलेली फट, आणि ती उघडी पडली हजारो मैल लांब, आपल्या आभाळात.

आपले डोंगरही काही कमी नाहीत. ७ जुलै १९६२ ला, मध्यरात्र उलटताच, मुंबईला उतरायला निघालेलं अलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या दावंड्याच्या डोंगरावर आदळलं आणि आतले सगळे ९४ जण गेले. मुंबई आहे त्याहून जवळ आली असं समजून विमान लवकर खाली आणलं गेलं होतं. ते शांततेच्या काळातलं प्रवासी विमान होतं, युद्धाशी त्याचा संबंध नाही. पण ऐन पावसाळ्यात सह्याद्री ढगात बुडालेला असताना कमी साधनांवर उडणाऱ्या विशीतल्या पोरांचं काय होत असेल, ते या एका अपघातावरून कळतं.

ज्यांचा देहच सापडला नाही, त्यांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत. आणि आपल्याकडचा हिंदू किंवा शीख वैमानिक मारला गेला तर त्याला अग्नी दिला जाई, त्यामुळे असा दगड त्याच्या वाट्याला सहसा येत नाही. याला एक अपवाद मला माहीत आहे, तोही पहिल्या महायुद्धातला. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर जून १९१८ मध्ये डॉल्फिन विमान घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर उडाले आणि परतले नाहीत. सोम खोऱ्यातल्या हंगार गावी त्यांची कबर आहे. खडकीत झोपलेल्या इंग्रज पोरांची घरं जितकी लांब, तितकंच हंगारपासून वेलिणकरांचं घर लांब.

तिथून मी कॅम्पात, दक्षिण कमांडच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात गेलो. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं हे स्मारक १५ ऑगस्ट १९९८ ला खुलं झालं. इथे कारगिलच्या युद्धात वापरलेलं मिग-२३ बीएन हे लढाऊ विमान ठेवलं आहे. मुलं त्याच्याभोवती फिरत होती, आईबाप फोटो काढत होते. एका मुलीनं विचारलं, “बाबा, हे चालवायला कोण बसायचं?” बाबा कॉकपिटकडे बोट दाखवत बराच वेळ समजावत होते. खडकीत विमान नाही, म्हणून हा प्रश्न कुणाला पडत नाही. उत्तरं मात्र तिथे दगडांवर कोरून ठेवली आहेत.

म्हणून मला मनापासून वाटतं, की खडकीच्या दारापाशी दगड कसा वाचायचा हे सांगणारा एक मराठी फलक असावा. फार मजकूर नको. कुठलं बोधचिन्ह कुठल्या दलाचं, हुद्द्याजवळ लिहिलेलं काम म्हणजे विमानात नेमकं काय, आणि शेजारच्या दगडावरची तारीखही वाचा, एवढं पुरे. शाळेच्या सहली शनिवारवाड्याला जातातच. त्यांनी तासभर इकडेही यावं आणि मुलांनी एखादं विमान, त्यातल्या सगळ्या माणसांसकट, स्वतः शोधून काढावं.